विश्लेषण : एकच चावी, हजारो मोटरहोम! चाकांवरच्या घराची कुलपे इतकी कच्ची का?

लाखभर डॉलर मोजून घेतलेले मोटरहोम आणि त्याच्या सामानाच्या कप्प्याला चार-पाच डॉलरचे कुलूप. अमेरिकेत हे चित्र अगदी नेहमीचे आहे. त्यातही गंमत अशी, की त्या कप्प्याची चावी शेजारी उभ्या असलेल्या मोटरहोमच्या कप्प्यालाही अनेकदा लागते. कारण दोन्ही चाव्यांवर एकच कोड कोरलेला असतो : सीएच ७५१. ही चावी ऑनलाइन दुकानांत कोणालाही, कोणताही कागद न दाखवता विकत मिळते.

अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन, ग्रँड कॅनियनकडे निघतात. बरोबर भारतातून आलेले आईवडीलही असतात. महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आले. त्यामुळे या गाडीत रात्री झोपताना दरवाजाला नेमके काय लावलेले असते, ते कोणाला अडवते आणि कोणाला अडवत नाही, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

मोटरहोमला दरवाजे किती, चाव्या किती?

चालकाची केबिन आणि राहण्याची खोली एकाच सांगाड्यावर असते ते मोटरहोम. दुसऱ्या गाडीला जोडून ओढायचा तो कॅरॅव्हॅन किंवा ट्रेलर. भारतात मात्र दोन्हींना सर्रास कॅरॅव्हॅन म्हटले जाते. चित्रीकरणाच्या ठिकाणी दिसणारी व्हॅनिटी व्हॅन ही या गाडीची आपल्याकडची जवळची नातेवाईक.

हे वाहन सहसा एका कारखान्यात तयार होत नाही. इंजिन, सांगाडा आणि बहुतेकदा चालकाची केबिन वाहन कंपनीकडून येते. त्यावरची खोली, पलंग, ओटा, शौचालय हे सगळे दुसरी कंपनी उभारते. कुलपांचा घोळ इथूनच सुरू होतो. केबिनच्या दरवाजांना वाहन कंपनीचे कुलूप असते आणि चावीत इंजिन सुरू करण्याची परवानगी देणारी चिप असते. राहण्याच्या खोलीच्या दरवाजाचे कुलूप मात्र वेगळ्याच पुरवठादाराचे. त्याशिवाय गॅस सिलिंडरचा कप्पा, पाणी भरण्याचे झाकण, शौचालयाची टाकी काढण्याची खिडकी, मागची सामानाची जागा, यांची कुलपे आणखी वेगळी. एका गाडीसाठी चार-पाच चाव्यांचा जुडगा सांभाळणारे मालक युरोपातही आहेत आणि अमेरिकेतही.

याचा एक साधा परिणाम म्हणजे विसर. रिमोटचे बटण दाबले, दिवे लुकलुकले, की गाडी बंद झाली असे आपण गृहीत धरतो. अनेक मोटरहोममध्ये त्या बटणाने फक्त केबिन बंद होते. खोलीचा दरवाजा तसाच राहतो. सर्व दरवाजे एकाच रिमोटवर आणणाऱ्या नव्या गाड्या आता मिळतात, पण रस्त्यावर जुन्या गाड्या भरपूर आहेत.

सीएच ७५१ ही काय भानगड आहे?

ऑफिसातल्या लोखंडी टेबलाच्या ड्रॉवरला किंवा इमारतीखालच्या टपालपेटीला असते, ते कुलूप डोळ्यांसमोर आणा. त्याला कॅम लॉक म्हणतात. पुढे चावीचे भोक आणि मागे एक चपटी लोखंडी जीभ. चावी फिरवली की जीभ पाव वळण घेऊन चौकटीच्या मागे अडकते. मोटरहोमच्या बाहेरच्या कप्प्यांना बहुतेक हेच कुलूप असते.

त्याच्या आत काही पातळ पितळी पट्ट्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. चावीचे दात या पट्ट्यांना ठरावीक उंचीवर आणतात. सगळ्या पट्ट्या एका रेषेत आल्या, की आतला गोल फिरतो. समजा पट्ट्या ५ आहेत आणि प्रत्येकीच्या ४ पातळ्या शक्य आहेत, तर कागदावर ४ चा ५ वा घात, म्हणजे १०२४ वेगवेगळ्या चाव्या होतात. घराच्या दारासाठीच हा आकडा फार मोठा नाही. प्रत्यक्षात तर या १०२४ शक्यतांचा वापरही होत नाही. वर्षानुवर्षे एकच चावी निवडून लाखोंनी कुलपे बनवली गेली. ती चावी म्हणजे सीएच ७५१. मोटरहोम, ट्रेलर, पिकअप ट्रकवर बसवायच्या छोट्या खोल्या, अशा अनेक ठिकाणी ती चालते.

हा निष्काळजीपणा आहे का? काही अंशी आहे, पण त्यामागे कारखान्याचे गणित आहे. अमेरिकेतील बहुतांश मोटरहोम आणि ट्रेलर इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि आसपासच्या भागात तयार होतात. तिथे जुळणीच्या रांगेत एका गाडीला सहा-आठ कप्पे बसवायचे असतात. प्रत्येक कप्प्याची चावी वेगळी ठेवली, तर कोणती चावी कोणत्या गाडीची याचा हिशेब ठेवणारा माणूस लागेल. सगळी कुलपे एकाच चावीची घेतली, की तो हिशेबच संपतो. विक्रेत्यालाही सोय होते. आवारात उभ्या पन्नास गाड्यांचे कप्पे तो खिशातल्या एका चावीने उघडतो. ग्राहकाची चावी हरवली तर दुसरी लगेच मिळते. थोडक्यात, हे कुलूप कप्प्याचे झाकण धावत्या गाडीत उघडू नये म्हणून बसवलेले आहे. ते चोराला अडवेल, हा समज ग्राहकाने आपणहून करून घेतलेला असतो आणि विक्रेता तो मोडायला जात नाही.

मुख्य दरवाजाचे कुलूप तरी वेगळे असते ना?

असते, पण समाधान मानण्याइतके नाही. अमेरिकी मोटरहोमच्या खोलीच्या दरवाजाला सहसा एकाच चौकोनी मुठीत दोन कुलपे असतात. एक मुठीचे लॅच आणि दुसरा त्याच्या वरचा जाड बोल्ट. दोघांच्या चाव्या वेगळ्या. मात्र या चाव्यांचे कोडही मोजकेच असतात. तळावरच्या शेजाऱ्याची चावी आपल्या दाराला लागली, हे किस्से मोटरहोमवाल्यांत नवे नाहीत.

एक साधे गणित करून पाहू. समजा एका प्रकारच्या कुलपासाठी २० च कोड वापरात आहेत आणि तळावर तसे कुलूप असलेली ६० मोटरहोम उभी आहेत. मग आपलीच चावी लागेल असे सरासरी तिघे शेजारी असतील. निदान एक तरी शेजारी असा असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के निघते. आकडे उदाहरणापुरते घेतले असले, तरी कोड मोजके ठेवले की काय होते ते यातून दिसते.

भाड्याच्या गाडीत आणखी एक गोष्ट येते. ती चावी आधीच्या किती भाडेकरूंच्या हातून गेली, त्यातल्या कोणी तिची नक्कल करून ठेवली का, हे गाडीचा मालकही सांगू शकत नाही. हॉटेलात दर पाहुण्यामागे कार्डाचा कोड बदलतो. मोटरहोमचा पितळी गोल मात्र तोच राहतो.

युरोपात चोर केबिनच्या दरवाजाकडे का वळतात?

युरोपातील मोटरहोमचा सर्वांत लोकप्रिय पाया म्हणजे फियाट डुकाटो ही मालवाहू व्हॅन. तीच गाडी प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जम्पर या नावांनीही विकली जाते, आणि उत्तर अमेरिकेत रॅम प्रोमास्टर म्हणून. एकाच सांगाड्यावर इतकी घरे उभी राहिली, की त्या सांगाड्याच्या दरवाजाचा एखादा कच्चा दुवा चोरांच्या एकदम कामी येतो.

तसेच झाले. अशा व्हॅनच्या दाराची मूठ आणि तिच्या मागची यंत्रणा बाहेरच्या पत्र्याच्या अगदी जवळ असते. मुठीपाशी पत्र्याला भोक पाडून आतला दुवा हलवायचा, ही पद्धत ब्रिटनमध्ये इतकी पसरली, की मुठीभोवती बसवायच्या जाड पोलादी तबकड्यांची वेगळी बाजारपेठच तयार झाली. सरकत्या दरवाजाच्या व्हॅनमध्ये आणखी एक प्रकार चालतो. दाराच्या वरच्या कडेला धरून, गुडघा टेकवून अंगाच्या वजनाने ते खाली वाकवायचे. पत्रा वाकतो, कुलूप जागेवरच राहते. ब्रिटिश पोलीस आणि वर्तमानपत्रांनी या प्रकाराला ‘पील अँड स्टील’ असे यमक जुळवून नाव दिले आहे.

म्हणजे अमेरिकेत प्रश्न चावीचा, तर युरोपात पत्र्याचा. म्हणून युरोपातील जाणकार मालक आपले पैसे तीन जागी घालतात. केबिनच्या मुठीभोवती पोलादी तबकडी, खोलीच्या दरवाजाला बाहेरून दिसणारे दुसरे कुलूप, आणि दरवाजाशेजारी बसवलेला जाड आडवा दांडा. हा दांडा दिवसा हात धरून चढायला उपयोगी पडतो. रात्री तो फिरवून दारावर आडवा आणायचा आणि कुलूपबंद करायचा. दिसायला बोजड आहे, पण त्याचा अर्धा उपयोग दिसण्यातच आहे. रांगेत दहा गाड्या उभ्या असतील, तर चोर दांडा नसलेली गाडी निवडतो.

मग भारी कुलूप बसवले की काम झाले?

इथे इमारतीतले घर आणि चाकांवरचे घर यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. इमारतीच्या भिंतीला कोणी हात लावत नाही, म्हणून दाराचे कुलूप महत्त्वाचे. मोटरहोमची भिंत म्हणजे बाहेर अॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये थर्माकोलसारखा फोम आणि आत पातळ प्लायवूड. वजन कमी ठेवण्यासाठी ती तशीच असावी लागते. खिडक्या काचेऐवजी अनेकदा दुहेरी अॅक्रिलिकच्या, आणि त्यांच्या खिट्ट्या प्लास्टिकच्या. छतावरची झडपही प्लास्टिकची. खोलीचा दरवाजाही याच जातीचा असतो. त्याला कितीही जाड बोल्ट लावला, तरी तो बोल्ट ज्या चौकटीत शिरतो ती चौकट लवचिक आहे. चांगल्या दरवाजांना म्हणूनच वर, मध्ये आणि खाली अशा एकाहून अधिक जागी पकड दिलेली असते. दार पिळून उघडायला त्याने त्रास होतो.

आकड्यांच्या बटणांची डिजिटल कुलपे सध्या जोरात विकली जातात. त्यांचा खरा फायदा वेगळाच आहे. पोहायला जाताना चावी खिशात ठेवावी लागत नाही, आणि चावी आत राहून आपण बाहेर अडकण्याची वेळ येत नाही. भाड्याच्या गाडीत दर ग्राहकामागे कोड बदलता येतो, हाही मोठा फायदा. पण बॅटरी संपली तर काय, म्हणून बहुतेक अशा कुलपांना चावीचे भोकही ठेवलेले असते. बटणांचे चार आकडी कोड १० हजार असतील, पण शेजारच्या भोकाला मोजक्या कोडांतली चावी लागत असेल, तर चोर बटणांकडे बघणारही नाही. कुलूप घेताना बटणांपेक्षा त्या भोकाबद्दल विचारणे शहाणपणाचे.

गोल नळीसारख्या चावीची कुलपेही कप्प्यांसाठी सुधारणा म्हणून सुचवली जातात. ती सीएच ७५१ पेक्षा नक्कीच बरी, पण त्यांच्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. २००४ मध्ये अमेरिकेतील एका नामवंत कंपनीची गोल चावीची सायकल-कुलपे साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात, हे व्हिडीओसह समोर आले आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली.

या सगळ्याचा अर्थ कुलूप निरुपयोगी आहे असा नाही. कुलूप वेळ विकत घेते. चोराला दहा सेकंदांऐवजी दोन मिनिटे लागली, त्यात आवाज झाला, खिडकी फुटली, तर तो बहुतेकदा सोडून देतो. आणि नाहीच सोडले, तर निदान तोडफोडीची खूण तरी उरते. ही खूण विम्यासाठी मोलाची असते. गाडीतील सामानाच्या चोरीच्या अनेक पॉलिसी ‘बळजबरीने प्रवेश केल्याचा पुरावा’ मागतात. सर्वांना मिळणाऱ्या चावीने कप्पा उघडून, सामान काढून, झाकण परत लावून चोर गेला, तर मालकाने काय दाखवायचे? चार डॉलरच्या कुलपाची खरी किंमत दाव्याचा अर्ज भरताना कळते.

झोपेत गॅस सोडून लुटतात, हे खरे आहे का?

युरोपात मोटरहोमने फिरणाऱ्यांमध्ये ही कथा वर्षानुवर्षे चालत आली आहे. फ्रान्स किंवा स्पेनमध्ये महामार्गाकडेच्या थांब्यावर कुटुंब झोपले. चोरांनी झरोक्यातून गुंगीचा वायू सोडला. सकाळी उठले तर पाकिटे, लॅपटॉप गायब आणि सगळ्यांची डोकी जड. बाजारात अशा ‘गुंगीच्या वायू’चे अलार्मही विकले जातात.

ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांची संस्था रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्स हिने या विषयावर स्पष्ट मत दिले आहे. इथर, क्लोरोफॉर्म किंवा सध्या वापरात असलेली कोणतीही भुलीची वाफ मोटरहोमच्या खिडकीतून आत सोडून, आतल्या माणसाला पत्ता न लागू देता बेशुद्ध करणे शक्य नाही, तो झोपलेला असला तरीही. कारणे समजायला सोपी आहेत. खोलीभर पुरेल इतकी वाफ लागते आणि झरोक्यांतून ती बाहेर जात राहते. इथरचा वास इतका उग्र, की झोपलेला माणूस जागा होईल. शिवाय तो पेट घेतो. आत गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर चोरांचीच पंचाईत. आणि भूल देणे हे मोजूनमापून करायचे काम आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये मॉस्कोतील नाट्यगृहात ओलिसांना सोडवताना रशियन सुरक्षा दलांनी गुंगीचा वायू वापरला, तेव्हा सुमारे १३० ओलिसांचा जीव गेला. जे एका सरकारी यंत्रणेला निभावता आले नाही, ते महामार्गावरचा भुरटा चोर रोज रात्री सुरक्षितपणे करतो, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

मग लोकांना जाग का येत नाही? दिवसभर गाडी हाकून आलेला थकवा, जेवणाबरोबर घेतलेली वाइन, बंद खोलीतली कोंदट हवा. आणि मुख्य म्हणजे दार आवाज न करता उघडले जाते. तुटलेले काहीच दिसत नाही, म्हणून काहीतरी अघटित घडले असे वाटते. दार इतक्या सहज उघडते, हे मान्य करण्यापेक्षा वायूची कथा मनाला सोपी जाते.

या कथेचा खरा तोटा वेगळा आहे. न दिसणाऱ्या चोराच्या भीतीने माणसे झरोके बंद करतात, आणि ज्या वायूने खरोखर माणसे दगावतात तो आतच साठतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने ते दगावले, असे तपासात पुढे आले. त्यामुळे अलार्मवर पैसे घालायचेच, तर कार्बन मोनॉक्साइडच्या आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या अलार्मवर घालावेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचा अलार्म जमिनीलगत बसवतात. कार्बन मोनॉक्साइडचा बसवतात तो झोपण्याच्या जागेजवळ.

आतून किती कड्या लावाव्यात?

मोटरहोमच्या सुरक्षेतला हा सर्वांत अवघड प्रश्न. दिवसा गाडी रिकामी असताना कुलूप जितके भक्कम तितके चांगले. रात्री माणसे आत झोपलेली असताना तेच कुलूप त्यांना कोंडून ठेवू शकते. फोम, प्लायवूड, पडदे, गाद्या आणि शेजारी गॅसचा सिलिंडर, अशा खोलीला आग लागली तर बाहेर पडायला फार वेळ मिळत नाही.

काही प्रवासी रात्री केबिनचे दोन्ही दरवाजे आतून पट्ट्याने एकमेकांना बांधतात. कोणी सीटबेल्टच दाराच्या मुठीतून ओवून खाचेत अडकवतो. बाहेरून कुलूप उघडले तरी दार ओढता येत नाही. युक्ती स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण अंधारात, धुरात तो पट्टा घरातल्या प्रत्येकाला सोडता आला पाहिजे. म्हणून आतून लावायच्या कडीला चावी नसावी, हा इथला पहिला दंडक. खटका दाबला किंवा मूठ फिरवली, की दार सुटले पाहिजे. आतून चावीने लावलेला बोल्ट आणि चावी कुठल्या तरी जॅकेटच्या खिशात, यापेक्षा उघडे दार परवडले.

अमेरिकेत या वाहनांसाठी एनएफपीए ११९२ हे मानक आहे. मुख्य दरवाजाखेरीज बाहेर पडायला दुसरा मार्ग असावा, असे ते सांगते. तो मार्ग म्हणजे सहसा मागच्या शयनकक्षातील लाल मुठीची खिडकी. मोठ्या मोटरहोममध्ये तिचे महत्त्व आणखी वाढते, कारण त्यांतल्या अनेकांना चालकाच्या बाजूला दरवाजाच नसतो. सगळ्या गाडीला मिळून एकच दार, आणि ते पलंगापासून दूर. कागदावर खिडकी ठीकच आहे. पण ती जमिनीपासून चांगलीच उंच असते आणि वर्षानुवर्षे न उघडल्याने तिचे रबर चिकटून बसते. सत्तरीतल्या आईवडिलांना त्या खिडकीतून उतरवायचे कसे, याचा विचार गाडी ताब्यात घेतानाच केलेला बरा. मूठ फिरवून खिडकी एकदा उघडून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

मध्यममार्ग म्हणून बऱ्याच अलार्ममध्ये रात्रीची वेगळी सोय असते. आतली हालचाल टिपणारा सेन्सर बंद ठेवायचा, फक्त दारे-खिडक्यांवरचे चुंबकी खटके चालू ठेवायचे. आतले लोक पाणी प्यायला उठू शकतात, पण बाहेरून खिडकी उचलली की भोंगा वाजतो. असा आवाज चोराला नको असतो आणि आतल्या माणसालाही तो कोंडत नाही.

गाडीच पळवली तर?

सामानाची चोरी वेगळी, गाडीची वेगळी. युरोपात १९९८ पासून नव्या कारना इंजिन रोखणारी चिप असते आणि आजच्या मोटरहोममध्येही ती असतेच. त्यामुळे तारा जोडून गाडी पळवण्याचे दिवस गेले. आता चोर गाडीच्या संगणकाला जोडणी करून नवी चावी ओळखायला लावतात, म्हणून त्या जोडणीच्या खाचेवर झाकण-कुलूप बसवणारे मालक आहेत. स्टिअरिंगचा दांडा आणि चाकाचा शिकंजा ही जुनी साधने अजून टिकून आहेत, कारण त्यांना संगणकाने चकवता येत नाही.

ब्रिटनमध्ये विमा कंपन्या महागड्या मोटरहोमला अनेकदा थॅचम या संस्थेने प्रमाणित केलेला ट्रॅकर बसवायला सांगतात. त्यातील एस ७ हा प्रकार गाडी कुठे आहे ते दाखवतो. एस ५ मध्ये चालकाची ओळखही तपासली जाते. मोटरहोम वर्षातले बरेच महिने एका जागी उभे असते, त्यामुळे ते कुठे उभे असते हेही विमा कंपनी विचारते. तिथल्या साठवण-तळांना सुरक्षेनुसार सोने, चांदी, कांस्य अशी पदकवजा श्रेणी दिली जाते.

महाराष्ट्रात हा प्रश्न कसा दिसतो?

आपल्याकडे स्वतः चालवायच्या मोटरहोमपेक्षा चालक आणि मदतनीसासह भाड्याने मिळणारी गाडीच अधिक. फोर्स ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनवर किंवा बसच्या सांगाड्यावर ती उभारलेली असते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हे भारतीय मानक आहे. राज्याच्या २०२१ च्या धोरणात गाड्यांबरोबर त्या उभ्या करायच्या कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे. मुक्कामाची जागा कुंपणातली, उजेडातली असेल तर दाराच्या कुलपावरचा भार आपोआप कमी होतो, आणि हे कोणत्याही कुलपापेक्षा स्वस्त पडते.

चालक बरोबर असला की चावी त्याच्याकडे असते. मग काही गोष्टी गाडीत बसण्यापूर्वीच विचारायला हव्यात. खोलीच्या दाराची दुसरी चावी कोणाकडे आहे? रात्री चालक कुठे झोपणार? दार आतून चावीशिवाय उघडते का? जनरेटरचा धूर कुठून बाहेर जातो? आपत्कालीन खिडकी शेवटची कधी उघडली होती? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर ती तिथेच उघडून पाहावी.

गाडी स्वतःची असेल, तर कप्प्याची कुलपे बदलणे हे एका दुपारचे काम आहे. कॅम लॉक मागच्या बाजूने एका नटाने किंवा पत्र्याच्या चिमट्याने धरलेले असते. नट सोडला की ते पुढून हातात येते. नवे घेताना तीन मापे बरोबर न्यावीत : भोकाचा व्यास, झाकणाची जाडी आणि मागच्या जिभेची लांबी. जीभ सरळ आहे की वाकडी, हेही पाहून घ्यावे, नाहीतर कुलूप बसते पण झाकण दाबून धरत नाही आणि पावसाचे पाणी आत येते. सगळ्या कप्प्यांना एकच चावी हवी असेल, तर एका चावीचा संच मिळतो. फक्त तो कोड दुकानात टांगलेल्या पुढच्या पाकिटावरही आहे का, तेवढे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्यायचे.